हनुवटीखालचा निळा

१

बाबांच्या हनुवटीखाली निळा रंग होता, आणि तो तिथे असायचं काही कारणच नव्हतं.

फोटोत बाबा खिडकीशी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. अंगात विटकरी शर्ट, खिशाला पेन. नोकरी सुटून जमाना लोटला होता, तरी पेन लावल्याशिवाय ते घरातल्या खुर्चीतही बसत नसत. मान किंचित वर, ओठांवर "पुरे आता" म्हणणारं हसू. जाण्याआधी त्यांनी धाकट्या लेकीला पाठवलेला हा शेवटचा फोटो, आणि त्यावरूनच भिंतीवर लावायचा मोठा फोटो तयार करायचा होता.

हे काम लेकीने आपणहून अंगावर घेतलं होतं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी दारात आली तरी त्यात फरक पडला नव्हता. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच माहेरी आली होती, मांडीवर तान्ही लेक घेऊन. बाबा गेले तेव्हा ती स्वतःच अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शनही तिला झालं नव्हतं. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, जुन्या अल्बममधला एक फोटो काढून तिच्या हातात ठेवला होता. त्यातले बाबा काळ्याभोर केसांचे, मोठे रुबाबदार, पण तिच्या ओळखीचे नव्हते. तिला शेवटचेच बाबा हवे होते. दादाने दोनदा नको म्हणून पाहिलं आणि मग नाद सोडला.

धाकटीचा धंदाच रंगांचा. कपड्यांची कंपनी एखाद्या शर्टाचा फोटो एकाच रंगात काढते, आणि बाकीचे रंग धाकटी घरबसल्या लॅपटॉपवर चढवते. कॅटलॉगात एक रंग दिसला आणि पुडक्यातून दुसराच निघाला की शर्ट परत येतो आणि बोलणी धाकटीला खावी लागतात. म्हणून तिने डोळ्यांवर विश्वास ठेवणं कधीच सोडलं होतं. सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर फोटोतल्या एखाद्या पिक्सेलवर टेकवला की तीन आकडे दिसतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे ठणठणपाळ, दोनशे पंचावन्न म्हणजे काठोकाठ. आकडे कोणाची भीड ठेवत नाहीत. कंपनीतले लोक पाठीमागे तिला आकडेबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊकही होतं.

फोटो मोठा करायचा तर चेहऱ्याचे रंग नीट हवेत, म्हणून तिने सवयीने ड्रॉपर फिरवला. माणूस गोरा असो की सावळा, त्याच्या कातडीत लाल सगळ्यात वर असतो, हिरवा मध्ये, निळा तळाला. बाबांच्या गालावर तसंच होतं: १९२, १४६, ११८. हनुवटीखाली मात्र ११०, ९४, १०३. निळा हिरव्याच्या डोक्यावर चढून बसला होता.

खिडकीतला उजेड शर्टावर पडतो, तिथून वर उसळतो आणि जाताना शर्टाचा रंग थोडा बरोबर नेतो. विटकरी शर्ट असेल तर हनुवटीखाली विटकरी झाक यायला हवी. निळी झाक यायला अंगात निळाच शर्ट हवा.

धाकटीने त्याच्या आधीच्या रविवारचा फोटो उघडला. त्यात बाबांच्या अंगात हिरवा शर्ट होता. त्याच्याही आधीचा उघडला, त्यात मोहरीच्या रंगाचा. तीन शर्ट, तीन रंग, आणि तिन्ही फोटोंत हनुवटीखाली तोच निळा.

२

त्याच्याही आधीच्या रविवारी बाबांनी फिका आकाशी शर्ट घातला होता, आणि तिथे मात्र हनुवटीखालचा निळा शोभून दिसत होता.

धाकटीने चारही फोटो शेजारी शेजारी लावले. आता शर्ट सोडून ती भिंतीकडे वळली. बाबांच्या मागची भिंत पांढरी होती, आणि पांढऱ्या भिंतीइतकी प्रामाणिक साक्षीदार शोधून सापडायची नाही. ढग आले की तिचे आकडे उतरतात, ऊन तिरपं झालं की लाल वाढतो. त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांतल्या रविवारी भिंत दर खेपेला निराळी होती. या चार फोटोंत मात्र तीन आकड्यांपैकी एकही जागचा हलला नव्हता. बाबांची मान कधी इकडे, कधी तिकडे, हात कधी मांडीवर, कधी खुर्चीच्या दांड्यावर. पण दाढीचे खुंट तेवढेच वाढलेले आणि खिडकीतलं ऊन तेच.

चारही फोटो एकाच बैठकीत काढलेले होते. शर्टही एकच होता, आकाशी. बाकीचे तीन रंग कोणीतरी मागाहून चढवले होते.

धाकटीने लॅपटॉप बंद केला आणि बाळाला उगाचच उचलून छातीशी धरलं.

या रविवारच्या फोटोंमागे एक रिवाज होता. बाबांना ऐकू कमी येई. फोनवर ती एक बोलतेय आणि ते दुसरंच ऐकतायत असा प्रकार व्हायचा, शेवटी दोघंही वैतागून फोन ठेवायचे. म्हणून धाकटी लग्न होऊन दूरच्या शहरात गेल्यापासून असं ठरलं होतं की रविवारी सकाळी तिने विचारायचं, "बाबा, जेवण नीट चाललंय ना?", दादाने खुर्चीत बसलेल्या बाबांचा फोटो काढून पाठवायचा आणि बाबांनी खाली दोन शब्द टाइप करायचे. "ठीक. जेवतो." एवढंच. त्या दोन शब्दांवर तिचा आठवडा निघायचा.

दोनदा गर्भपात झाल्यावर या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला शेवटचे महिने अंथरुणावरून हलू दिलं नव्हतं. कूस बदलायची तीसुद्धा विचारून. धक्का नको, दगदग नको, काळजी नको, असं बाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. तेव्हा छताकडे बघत पडलेल्या धाकटीला रविवारचा तो फोटो म्हणजे उघडी खिडकी होती. बाळ सुखरूप झालं, ती घरी आली आणि मग नवऱ्याने तिचा हात धरून सांगितलं की बाबा परवा गेले, झोपेतच, काही त्रास झाला नाही.

पण शेवटचे तीन रविवार बाबा त्या खुर्चीत बसलेच नसतील, तर ते होते कुठे? आजारी पडून कुठे पडले होते का? खूप हाल झाले म्हणून तर लपवलं नसेल? त्यांनी तिला बोलावलं असेल आणि कोणी कळवलं नसेल तर? बाकी सगळं एकवेळ ती सोसू शकली असती. बाबा आपली वाट बघत गेले की काय, हे मात्र तिला कळायलाच हवं होतं.

आणि या घरात कोणीतरी ते जाणून होतं.

३

पहिली पाळी वहिनीची आली, कारण बाबांचे शर्ट तीच धुऊन इस्त्री करायची.

वहिनी स्वयंपाकघरात बाळाची दुपटी उकळत्या पाण्यातून काढत होती. बोलायला मोकळी, हसायला मोकळी बाई. पण या खेपेला धाकटीला ती जरा जपून वागताना दिसत होती. शेजारपाजारचं कोणी भेटायला आलं की बाळाला वारा लागेल म्हणून त्यांना दारातूनच वाटेला लावायची. धाकटीला आधी ते कौतुकाचं वाटलं होतं. आता मनात शंकेची पाल चुकचुकली.

धाकटीने सहज विचारावं तसं विचारलं की बाबांचा तो विटकरी शर्ट कुठे आहे, आठवण म्हणून नेईन म्हणते. वहिनीचा चिमटा पाण्यावर थांबला. कपडे सगळे देऊन टाकले, ती म्हणाली. धाकटीने विचारलं, त्याची कॉलर साधी होती की बटणाची? वहिनी म्हणाली, साधीच असेल, आता कुठे आठवतंय. बाबांच्या प्रत्येक शर्टाचं कुठलं बटण कुठल्या दोऱ्याने लावलंय हे सांगणारी ही बाई. तिला अख्खा शर्ट आठवेना.

"तुझ्या अंगात अजून ताकद नाही," वहिनी पाठ न वळवता म्हणाली. "फोटोबिटो राहू दे सध्या. झोप जरा."

दादाला तिने बाहेरच्या खोलीत गाठलं. दादा बँकेत पहारेकऱ्याचं काम करायचा. शरीराने दणकट, मनाने मेणाचा. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. फोटो कोणी काढले, असं विचारल्यावर तो म्हणाला, मीच. कधी काढले? तर ज्या त्या रविवारी, आणखी कधी? मग धाकटीने त्याला भिंतीचं सांगितलं, हनुवटीचं सांगितलं आणि आकडेच त्याच्या पुढ्यात मांडले. दादाने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होती. त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते.

"तुझं ते मशीनच बिघडलं असेल," तो म्हणाला.

"मग तुझ्या फोनमधले मूळ फोटो दाखव."

फोन बदलला, जुना पाण्यात पडला, त्यात काहीच वाचलं नाही, असं तो एका दमात बोलून गेला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाला. भाजी सकाळीच आणून झाली होती.

दादा खोटं बोलत होता यात आता शंका नव्हती. पण एक गोष्ट जुळत नव्हती. दादाला फोनवर फोटो काढून पाठवण्यापलीकडे काही येत नसे. वहिनीचा संगणकाशी संबंध त्यावरची धूळ पुसण्यापुरता. शर्टाच्या चुण्या, सावल्या, खिशाची शिलाई जराही न बिघडवता रंग बदलणं हे दोघांपैकी एकाच्याही हातचं काम नव्हतं.

या लबाडीत तिसरा हात होता.

४

तिसऱ्या हाताचं म्हणाल तर गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ होता, आणि स्टुडिओवाले काका बाबांचे जुने मित्र होते.

धाकटीने बाळाला शालीत गुंडाळलं आणि वहिनी नको नको म्हणत असताना ती घराबाहेर पडली. स्टुडिओ म्हणजे एक पडदा, एक स्टूल, दोन छत्र्या लावलेले दिवे आणि ओळखपत्राचे फोटो छापून छापून दमलेलं एक यंत्र. काकांनी तिला बघितलं, मग बाळाला बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबांसारखंच नाक आहे, एवढंच ते म्हणाले.

तिने लॅपटॉप उघडून चारही फोटो दाखवले आणि सरळच विचारलं, काका, हे तुम्ही केलंत का?

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले आणि एकेक फोटो न्याहाळला. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. उलट दुसऱ्या कारागिराचं काम बघताना कारागीर जसा होतो तसे ते झाले होते.

"मी केलं असतं तर हनुवटी सोडली नसती," ते म्हणाले. "माझा सगळा जन्म चेहऱ्यांत गेला. गिऱ्हाईक आपला शर्ट बघत नाही, तोंड बघतं. आधी तोंड सांभाळायचं. हे ज्यानं केलंय ना, त्यानं कापड जीव ओतून केलंय. पेनाच्या कडेनं बघ, किती सफाईनं गेलाय. पण तोंडाकडे त्याचं लक्षच नाही. हा चेहऱ्यांवर बसलेला हात नाही. कापडावर बसलेला आहे."

धाकटीने विचारलं, मग बाबा त्या तीन रविवारी कुठे होते, ते तरी सांगा. काका यंत्राशी जाऊन उभे राहिले. आधीच चालू असलेलं यंत्र त्यांनी पुन्हा चालू केलं.

"रंगाचं विचारलंस, रंगाचं सांगितलं. बाकीचं सांगायचा हक्क माझा नाही, बाळा. घरच्यांना विचार."

ती पायरी उतरत असताना त्यांनी मागून हाक मारली. लेकीला सांभाळ, असं काहीसं म्हणाले. पण मुळात त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी येईपर्यंत धाकटीच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. कापडावर बसलेला हात. तिने कितीही आठवून बघितलं तरी तिच्या ओळखीत तसा एकच हात होता, तो म्हणजे तिचा स्वतःचा.

५

बाळ झोपल्यावर तिने पुन्हा लॅपटॉप उघडला.

विटकरी शर्ट पहिल्यांदा मोठा करून पाहिला तेव्हा तो रंग तिला ओळखीचा वाटला होता. बाबांच्या अंगावर पाहिला असेल, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला होता. पण बाबांकडे विटकरी शर्ट नव्हताच. मग ओळख कुठली?

शर्टाच्या खिशावर, जिथे एकही चुणी नव्हती, अशी सपाट जागा तिने शोधली आणि ड्रॉपर टेकवला. १५८, ७५, ५२. हिरव्या शर्टाची तशीच जागा: ३९, ८४, ६२. मोहरी: २०१, १५८, ६०.

तिच्या लॅपटॉपमध्ये नव्या कॅटलॉगच्या रंगांची एक पट्टी साठवलेली होती. त्यातला प्रत्येक रंग तिने स्वतः घोटून बनवला होता, कंपनीने पाठवलेला कापडाचा तुकडा खिडकीशी धरून, एकेक आकडा मागेपुढे करत. तो कॅटलॉग अजून छापूनसुद्धा झाला नव्हता. तिने पट्टी उघडली.

विटकरी: १५८, ७४, ५२. बाटली हिरवा: ३८, ८४, ६२. मोहरी: २०१, १५८, ६१.

फोनवरून पाठवताना फोटो दाबला जातो, त्यात एखादा आकडा इकडे-तिकडे होतोच. एक रंग जुळला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. तीनच्या तीन योगायोगाने जुळत नाहीत. हे रंग जगात एकाच ठिकाणी होते, या लॅपटॉपात. आणि या लॅपटॉपला दोनच माणसांचे हात लागत. एक ती.

दुसरा तिचा नवरा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. ती अंथरुणाला खिळली तेव्हा कॅटलॉगचं काम अर्धवट होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून शाळेतून आला की तो टेबलाशी बसायचा आणि ती खाटेवरून त्याला सांगायची. आधी शर्ट सिलेक्ट कर. कडेने हळू जा. आता नवी लेअर घे, पट्टीतला रंग उचल, सावली शाबूत ठेव. पडदा तिच्याकडे पाठ करून असायचा, आणि तिला मान वर करायची मनाई होती. नकाशे रंगवून त्याचा हात बसलेलाच होता, तो भराभर शिकला. कंपनीचे शर्ट गळ्याशी कापलेले, वर कोणाचंही डोकं नसलेले. हनुवटी कशाशी खातात हे त्याला कळायची वेळच आली नव्हती.

एकदा त्याने विचारलं होतं, खिशाला पेन असेल तर काय करायचं? धाकटी तेव्हा मोठ्याने हसली होती. अरे, कॅटलॉगातल्या शर्टाला कोण पेन लावेल? तरी सांग, असं तो म्हणाला. तिने सांगितलं की पेनाच्या कडेने जा, पेन तेवढं बाहेर ठेव. त्या दिवसांत त्याचे डोळे सारखे लाल असायचे, आणि जरा कमी वेळ बस त्या पडद्यासमोर, म्हणून ती त्याला दटावायची.

आता तिला हसू आलं नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, बाळ उठू नये म्हणून.

नवरा त्याच दिवशी दुपारी त्या दोघींना न्यायला येणार होता.

६

तो आला, पाय धुतले, बाळाला पाहिलं आणि मग टेबलाशी आला. पडद्यावर एका बाजूला बाबा होते, दुसऱ्या बाजूला रंगांची पट्टी. त्याने दोन्हींकडे पाहिलं आणि हळूच खुर्ची ओढून बसला.

"हा विटकरी माझा आहे," धाकटी म्हणाली.

"हो."

दादा आणि वहिनी दारात येऊन उभे राहिले. वहिनीने दादाचा दंड धरला होता. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा कधी गेले?"

नवऱ्याने सांगितलं. आकाशी शर्टातल्या रविवारनंतरच्या बुधवारी. दादांचा फोन आला तेव्हा ती झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी आदल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाळाची आशा धरायची असेल तर हिचं मन हलता कामा नये. दादा म्हणत होते, तिला सांगायलाच हवं, तिचे वडील आहेत. यानेच हातापाया पडून त्यांना गप्प केलं. पुढच्या रविवारी तिने उठल्या उठल्या विचारलं, फोटो आला का? तेव्हा दादांनी त्या बैठकीतला उरलेला एक याच्या फोनवर पाठवला. शर्ट तोच. ते बघून त्याने आधी शर्टाचा रंग बदलला आणि मगच फोटो तिच्यापर्यंत जाऊ दिला.

"तू खाटेवरून सांगत होतीस, कडेने हळू जा, सावली शाबूत ठेव," तो म्हणाला. "तुला वाटत होतं मी कंपनीचा शर्ट करतोय. मी बाबांचा करत होतो. तुझ्याच शब्दांनी."

धाकटीने, सवयच ती, हनुवटीचं विचारलं. एवढं सगळं नीट केलंस, हनुवटी कशी राहिली? माहीत नव्हतं म्हणून?

"ते माहीत नव्हतंच. पण दिसलंही नसतं. मी फोटो मोठा करून फक्त शर्ट पडद्यावर ठेवायचो. चेहरा बाहेर. त्यांचं तोंड समोर असतं तर माझा हात चालला नसता."

भूगोलाच्या त्या मास्तराला त्याचे वडील कधी लाभले नव्हते, आणि बाबा त्याला जावई न म्हणता पोरगा म्हणायचे. तोही शेवटच्या निरोपाला गेला नव्हता. तिच्या उशाशी बसून राहिला होता.

धाकटीने दादाकडे पाहिलं. जो प्रश्न तिला सकाळपासून जाळत होता तो तिने विचारला. बाबांनी मला बोलावलं होतं का?

"नाही गं," दादा म्हणाला. या खेपेला त्याचे कान लाल झाले नव्हते. "बोलवायला वेळच कुठे मिळाला. दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला होता. ही चहा घेऊन गेली तर मान कललेली. हाल नाही झाले. तुला दिवस खोटा सांगितला, बाकी खोटं नाही."

म्हणजे बाबांनी वाट पाहिली नव्हती. धाकटीच्या छातीवरचा एक दगड उतरला, आणि त्याच्याखाली दुसरा होता.

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ही समोर झोपलीये, मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण तुमचं सगळ्यांचं रडून झालंय रे. बाबा माझे आज गेले. आणि माझ्याबरोबर रडायला कोणी उरलेलं नाही."

मग वहिनी पुढे आली आणि खाली तिच्या पायाशीच बसली.

"कुणाचं झालंय रडून?" वहिनी म्हणाली. "रविवार उजाडला की तुझा निरोप यायचा, जेवण नीट चाललंय ना. मी त्यांचा फोन हातात घ्यायचे आणि लिहायचे, ठीक, जेवतो. ज्या माणसाला रविवारी जिवंत ठेवायचं, त्याच्यासाठी सोमवारी रडायचं कसं? हे आजतागायत रडले नाहीत. मी भांडी घासताना नळ मोठा सोडते, तेवढंच."

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची हनुवटी थरथरायला लागली आणि तो एवढा दणकट गडी लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. नवऱ्याने तोंड ओंजळीत घेतलं. पडद्यापुढे बसून इतके दिवस जे त्याने आवाज न करता केलं होतं, ते आता आवाजासकट बाहेर आलं. बाळ दचकून उठलं आणि तेही रडायला लागलं. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने धाकटीने बाळाला पदराखाली घेतलं, डोळे पुसले आणि दादाला खाली बसायला सांगितलं.

"आता सांग," ती म्हणाली. "बुधवारचं. सकाळपासून. काही गाळू नकोस."

दादाने सांगायला सुरुवात केली. बाबा त्या दिवशी उशिरा उठले, पाणी गार आहे म्हणून कुरकुरले, आंघोळीला टाळाटाळ केली. वहिनी मध्येच दुरुस्ती करत होती, नवरा विचारत होता, आणि धाकटी एकेक गोष्ट ऐकून घेत होती. दुपारच्या चहापाशी दादा थांबला. तिने त्याचा हात धरला आणि पुढे बोलायला लावलं. अशा रीतीने त्या संध्याकाळी, त्या खोलीत, सगळ्यांचे बाबा एकदमच गेले.